नैरोबीत बिऱ्हाड थाटताना: भाडं नंतर, आधी पाण्याचं विचारा

आफ्रिकेत नोकरी लागली की घरच्यांचा हिशोब ठरलेला असतो: तिकडे काय, सगळी स्वस्ताईच, चार वर्षांत फ्लॅटचं कर्ज फिटेल. नैरोबीच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. भाजीपाला, चहा, कामाला बाई हे सगळं पुण्या-मुंबईच्या हिशोबात बसतं. महाग पडतं ते घर. आपल्याकडे महापालिका बरं-वाईट का होईना जे पुरवते, त्यातलं बरंच काही इथे प्रत्येक इमारतीला स्वतःचं उभं करावं लागतं. बोअरवेल, जनरेटर, विजेचं कुंपण, चोवीस तास पहारा, सगळं आलं. तो खर्च कधी भाड्यातून, कधी भाड्याच्या आडून भाडेकरूकडूनच वसूल होतो. त्यामुळे दोन घरांची तुलना नुसत्या भाड्यावर करणारा माणूस हमखास फसतो. सगळं धरून महिन्याकाठी काय पडतं, तो आकडा काढता आला पाहिजे.

खालचे आकडे केनियन शिलिंगमध्ये आहेत. एका रुपयाला साधारण दीड शिलिंग धरा, म्हणजे शिलिंगचा दोन-तृतीयांश केला की रुपये. भाड्यांचे आकडे अंदाजाचे आहेत. इमारत नवी की जुनी आणि मालकाला किती घाई आहे, यावर ते वर-खाली होतात.

पायरी १: ऑफर लेटरवरचा आकडा विसरा

केनियात पगारावरचा कर भराभर चढतो. महिन्याला पहिल्या २४,००० शिलिंगांवर १० टक्के, पुढच्या ८,३३३ वर २५ टक्के आणि त्यानंतर पाच लाखांपर्यंत थेट ३० टक्के. पाच लाखांवर साडेबत्तीस आणि आठ लाखांवर ३५ टक्के. शिवाय सामाजिक आरोग्य विम्याचे २.७५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या योजनेचा दीड टक्का आणि निवृत्तिनिधीची कपात. या दोन टक्केवाऱ्यांना वरची मर्यादा नाही.

समजा, ऑफर महिना तीन लाख शिलिंगांची आहे. २०२५च्या दरांनी आरोग्य विमा ८,२५०, घर योजना ४,५००, निवृत्तिनिधी ४,३२० आणि आयकर सुमारे ७७,२०० जातो. हातात उरतात दोन लाख पाच-सहा हजार, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश वाटेतच गेला. पुढचा सगळा हिशोब या दोन लाखांवर मांडा.

कंपनी घर देणार असेल तर खूश व्हायला हरकत नाही, पण ते घरही करपात्र लाभात मोजलं जातं. तेव्हा घराचं भाडं धरून होणारा कर कोण भरणार, हे लेखी घ्या. भारतीय मालकांच्या बऱ्याच कंपन्यांत 'बॅचलर स्टेटस' आणि 'फॅमिली स्टेटस' असे दोन प्रकार असतात. पहिल्यात तीन-चार सहकाऱ्यांनी मिळून एक फ्लॅट, एक महाराज आणि एक गाडी, अशी सोय असते. ती वाईट नसते, पैसाही चांगला साठतो. मात्र बायको-मुलं नंतर येणार असतील तर 'फॅमिली स्टेटस' नेमकं कधीपासून मिळणार, ते करारात नसलं तर ते कधीच मिळत नाही असं समजून चाला.

थोडा पगार इथे आणि थोडा भारतातल्या खात्यात, अशीही ऑफर येते. ऐकायला गोड वाटते. पण केनियाचे निवासी ठरलात की नोकरीचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र होतं, आणि उद्या तपासणी झाली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, मालकाला नाही. ही ऑफर घेण्याआधी दोन्हीकडच्या सीएशी बोला.

चलनाचंही बघा. २०२४च्या सुरुवातीला एका डॉलरला १६० शिलिंग पडत होते, त्याच वर्षाच्या मध्याला १३०च्या आत आले. पगार डॉलरमध्ये आणि खर्च शिलिंगमध्ये असणाऱ्यांचं उत्पन्न काही महिन्यांत पाचवा हिस्सा घटलं. पगार आणि घरभाडं शक्यतो एकाच चलनात ठेवा. महागड्या भागांत मालक डॉलरमध्ये भाडं मागतात. पगार शिलिंगमध्ये असेल तर तिथे वळूच नका.

आणि सर्वांत मोठा खर्च कुठल्याच पत्रात लिहिलेला नसतो. डिपेंडंट पासवर आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही, त्यासाठी स्वतःचं वर्क परमिट लागतं. पुण्यात दोन पगारांवर चालणारं घर इथे एकावर येतं. 'तिकडे पगार दुप्पट आहे' म्हणताना सुटलेला दुसरा पगार वजा करायला विसरू नका.

पायरी २: भारतात बसून घर ठरवू नका

संकेतस्थळांवरचे फोटो बघून टोकन पाठवणारे लोक अजून आहेत, आणि ते फोटो दुसऱ्याच कुणाच्या घराचे असल्याच्या तक्रारीही. पहिल्या महिन्यासाठी सर्व्हिस्ड अपार्टमेंट किंवा कंपनीचं गेस्टहाउस घ्या. दिवसाच्या हिशोबात ते महाग वाटतं, पण दोन वर्षांच्या चुकीच्या करारापेक्षा स्वस्तच.

घर दाखवण्याचे पैसे आधी मागणारा एजंट भेटेल. रक्कम पाचशे-हजारच असते, म्हणून माणूस देऊन टाकतो. काहींचा धंदाच तेवढ्यावर चालतो. ज्याच्याकडे खरोखर घर आहे, त्याला कमिशन बहुधा मालकाकडून मिळतं. ऑफिसातल्या माणसांना आणि ज्या इमारती आवडल्या त्यांच्या केअरटेकरला थेट विचारा. बरीच घरं तोंडी माहितीवरच जातात. महाराष्ट्र मंडळ इथे आहे. गणपतीच्या दिवसांत तिथे जाऊन दोन कुटुंबांशी बोललात तरी भागांची जेवढी माहिती मिळेल, तेवढी आठवडाभर इंटरनेट चाळून मिळणार नाही.

पायरी ३: नकाशावर आधी ऑफिस, मग घर

आपली मंडळी पहिल्यांदा पार्कलँड्सचं नाव ऐकतात आणि बरेच जण तिथेच राहतात. कारण सरळ आहे: डायमंड प्लाझातली किराणा दुकानं आणि खाऊगल्ली, सिटी पार्कची भाजी मंडई, आगाखान आणि एम. पी. शाह ही दोन मोठी रुग्णालयं, देवळं, हिंदी-गुजराती कानावर पडणारा शेजार. जुन्या, प्रशस्त खोल्यांच्या बैठ्या इमारतींत दोन बेडरूमचं घर ६० ते ९० हजारांत मिळू शकतं. लिफ्ट, जिम, पोहण्याचा तलाव असलेल्या नव्या टॉवरमध्ये लाखाच्या वर. शेजारचं वेस्टलँड्स जास्त चकचकीत आहे, ऑफिसंही तिथेच. किलेलेश्वा, किलिमानी आणि लाविंग्टन या भागांत गेल्या काही वर्षांत टॉवरांची रांग लागली आहे. बांधकाम नवं, भाडी मध्यम ते चढी. रस्ते आणि ड्रेनेज मात्र पूर्वीच्या बंगल्यांच्या हिशोबाचे. गिगिरी, रुंडा, मुथाइगा हे संयुक्त राष्ट्रांच्या आणि वकिलातींच्या लोकांचे भाग. भाडं कंपनी भरत नसेल तर तिकडे नुसतं फिरायला जावं.

पण नोकरी कुठे आहे? आपल्यातले कितीतरी जण कारखान्यांत कामाला येतात: इंडस्ट्रियल एरिया, मोम्बासा रोड, आथी रिव्हर, रुइरू, थिका. मोम्बासा रोडला कामाला असणाऱ्यानं केवळ आपली माणसं आहेत म्हणून पार्कलँड्स धरलं, तर रोज अख्खं शहर ओलांडावं लागतं. साउथ बी, साउथ सी त्यांना जवळ पडतात आणि भाडंही कमी असतं. साउथ सीला विल्सन विमानतळाच्या छोट्या विमानांची घरघर असते आणि पावसाळ्यात काही गल्ल्या तुंबतात, हे धरून चाला.

उलटं उदाहरण घेऊ. ऑफिस वेस्टलँड्सला, घर मोम्बासा रोडच्या टोकाकडच्या सियोकिमाऊला. भाडं ५५,००० आणि पार्कलँड्समध्ये तसंच घर ८५,०००, म्हणजे ३०,००० वाचले असं दिसतं. आता २०२२ साली सुरू झालेल्या एक्स्प्रेसवेनं रोज ये-जा करा. साध्या मोटारीला पूर्ण टप्प्याचा टोल जानेवारी २०२४ पासून एका बाजूला ५०० शिलिंग, म्हणजे कामाच्या बावीस दिवसांचे २२,००० झाले. रोजचं पन्नास किलोमीटर अंतर आणि पेट्रोल लिटरला १८०च्या आसपास धरलं तर आणखी १७-१८ हजार. वाचवलेले तीस हजार गेलेच, वर दहा हजार खिशातून. टोल चुकवून खालच्या रस्त्यानं जायचं म्हटलं तर संध्याकाळ गाडीतच जाते.

पायरी ४: घर बघायला जाताना

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. एकदा दिवसा जा आणि एकदा संध्याकाळी सातनंतर, शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर.

पाण्यापासून सुरुवात करा. शहराचं बहुतांश पाणी मुरांगा जिल्ह्यातल्या एनडाकाइनी धरणातून येतं आणि ते पुरत नाही. भागवार वेळापत्रकानं, आठवड्यातले ठरावीक दिवसच नळाला पाणी येतं. बाकीचे दिवस बोअरवेल, नाहीतर टँकर. एजंट 'चोवीस तास पाणी' म्हणणारच. त्याला मान डोलावून उत्तर द्या आणि खाली येऊन फाटकावरच्या अस्कारीला, म्हणजे पहारेकऱ्याला, बाजूला घेऊन विचारा: "माजी इको?" पाणी असतं का? दोन वाक्यांत खरं काय ते कळतं. टँकर किती वेळा येतो, त्याचे पैसे वर्गणीनं काढतात का, हेही तोच सांगेल. मग घरात जाऊन वरच्या मजल्यावरचा शॉवर आणि स्वयंपाकघरातला नळ एकदम सोडा. दोन्हीकडे धार जोरात राहिली की समजा, पंप आणि टाकी ठीक आहेत.

बोअरवेल आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. नैरोबीच्या भूगर्भातल्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको: वाढत्या वयातल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, ते कायमचे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, साध्या कँडलच्या फिल्टरनंही नाही. आरओ लागतो, नाहीतर पिण्याला आणि स्वयंपाकाला मोठ्या बाटल्यांचं पाणी. लहान मुलं असतील तर इमारतीच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागा. नसेल तर शहरात प्रयोगशाळा आहेत, बाटलीभर पाणी नेऊन द्या. हा खर्च घराच्या हिशोबात पहिल्याच दिवशी लिहून टाका.

वीज. 'जनरेटर आहे' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, वीज गेली तरी तुमच्या फ्लॅटमधले दिवे, फ्रिज आणि वायफाय चालतील. दुसरा, फक्त लिफ्ट आणि जिन्यातला दिवा चालेल. कुठला, ते विचारा. तिसऱ्या मजल्यावर घरून काम करणाऱ्याला हा फरक पगाराइतका महत्त्वाचा आहे. डिझेलचे पैसे सर्व्हिस चार्जमध्येच, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या वर्गणीतच, आहेत की वेगळे, हेही विचारा.

मीटर बहुतेक ठिकाणी प्रीपेड असतो. मोबाइलवरून पैसे भरले की वीस आकडी टोकन येतं, ते मीटरच्या यंत्रात दाबायचं. युनिटला सगळे कर धरून २५ ते ३० शिलिंग पडतात. दोन गोष्टी बघा. मीटर वीज कंपनीचा स्वतंत्र आहे की मालकानं बसवलेला सबमीटर? सबमीटरवर मालक स्वतःचा दर लावू शकतो. आणि आधीच्या भाडेकरूची थकबाकी मीटरवर आहे का? असेल तर तुम्ही विकत घेतलेल्या टोकनातून ती कापली जाते आणि हजार भरून निम्मीच वीज का आली, याचा उलगडा महिनाभर होत नाही.

न्हाणीघरात मान वर करून बघा. खूप घरांत शॉवरच्या तोंडालाच बसवलेला विजेचा हीटर असतो. पाच किलोवॉट किंवा जास्त ताकदीचा, आणि त्याची वायर पाण्यापासून वितभर अंतरावर. दहा मिनिटांची अंघोळ म्हणजे साधारण एक युनिट. चौघांच्या घरात महिन्याला तीन हजारांच्या आसपास नुसत्या अंघोळीवर गेले. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. फुंडी, म्हणजे मिस्त्री, बोलावून ते दुरुस्त करून देण्याची अट करारात टाका, किंवा ते घर सोडा. छतावर सोलर असलेली इमारत मिळाली तर पाच हजार भाडं जास्त द्यायला हरकत नाही.

नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. उकाडा नाही, पंख्याची गरज क्वचित आणि एसीची नाहीच. मुंबईकराला हे सुखच. पण जून ते ऑगस्ट आभाळ भरलेलं राहतं, रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरतो आणि घरात गरम करायची काहीच सोय नसते. एप्रिल-मेचा मोठा पाऊस संपून लगेच ही थंडी लागते, त्यामुळे ऊन न येणाऱ्या खोल्यांत भिंतींना बुरशी धरते. कपाटाची दारं उघडून आत वास घ्या. नुकताच रंग दिलेल्या घरात तर नक्कीच, कारण रंगाखाली बुरशी झाकता येते, कपाटाच्या पाठीमागे नाही. सकाळचं ऊन येणारी बेडरूम निवडा.

पुराकडे श्रीमंत-गरीब दोघांनाही बघावं लागतं. एप्रिल-मे २०२४ च्या पुरात सर्वांत मोठी हानी मथारेसारख्या नदीकाठच्या वस्त्यांची झाली, पण बऱ्या वस्त्यांतल्या तळघरांतही पाणी शिरलं. पार्किंगच्या भिंतींवर पाण्याची रेघ दिसते का, ते बघा. नदी किंवा ओढ्याला लागून असलेली इमारत कितीही देखणी असली तरी टाळा. २०१८ मध्ये नदीपात्रातल्या बांधकामांवर सरकारनं बुलडोझर चालवले, तेव्हा वेस्टलँड्समधलं युके सेंटर हे मोठं व्यापारी संकुलही पाडलं गेलं.

सुरक्षेबद्दल भारतातून येताना लोक एकतर फार घाबरलेले असतात, नाहीतर अगदी बेफिकीर. बघायचं ते साधं आहे: कुंपणाच्या विजेच्या तारा ताठ आहेत की लोंबकळतायत, रात्री अस्कारी जागा आहे का, पाहुण्याची नोंद होते का, आणि फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे दोनशे मीटर अंधारात चालता येतात का. संध्याकाळची चक्कर यासाठीच. त्याच चक्करीत शेजारी बार किंवा नवं बांधकाम आहे का, तेही कळतं. किलिमानी-किलेलेश्वात समोरचा मोकळा प्लॉट म्हणजे येत्या दोन वर्षांची खडखड.

डीएसक्यू, म्हणजे नोकरांसाठीची वेगळी खोली, जाहिरातीत ठळक असते. आपल्याला बहुधा ती अडगळीला उपयोगी पडते. तिच्यापायी जास्त भाडं देऊ नका.

पायरी ५: करारावर सही

अनामत एक ते दोन महिन्यांची असते आणि महागड्या भागांत भाडं तीन महिन्यांचं आगाऊ मागतात. करार बहुधा दोन वर्षांचा, दरवर्षी पाच ते दहा टक्के वाढीचा. करार तयार करण्याची वकील-फी भाडेकरूच्या माथी मारायची पद्धत आहे. ती किती, ते आधी विचारा.

वाचताना चार ठिकाणी थांबा. सर्व्हिस चार्ज भाड्यात धरलाय की वर आहे, आणि तो मध्येच वाढवता येतो का. मुदतीआधी सोडलं तर किती महिन्यांचं भाडं जातं. इथे 'वर्क परमिट रद्द झालं किंवा नूतनीकरण नाकारलं गेलं तर दोन महिन्यांच्या नोटिशीवर सोडता येईल' हे कलम घालून घ्या. परदेशी भाडेकरूसाठी याहून महत्त्वाचं कलम नाही, आणि मालक सहसा मान्य करतात. तिसरं, दुरुस्ती कुणी करायची: पंप, गीझर, ड्रेनेज मालकाकडे, दिवे आणि नळाचे वॉशर तुमच्याकडे, हे नावानिशी लिहा. चौथं, घर सोडताना रंग देण्याची अट. ती जवळजवळ प्रत्येक करारात असते. ती तुम्ही स्वतः करून देऊ शकता की मालक त्याच्याच माणसाकडून करून मनाला येईल तेवढे पैसे कापणार, हे आत्ताच ठरवा.

पार्कलँड्समध्ये घरमालक अनेकदा गुजराती असतो. चहा होतो, गप्पा हिंदीत होतात, 'अरे भाई, घरकी बात है' हेही होतं. करार मात्र इंग्रजीत असतो आणि वाद झाला की तेवढाच वाचला जातो.

किल्ली घ्यायच्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: भिंती, फरशा, नळ, मीटरचं रीडिंग, जळलेला ओटा. तो मालकाला त्याच दिवशी पाठवून ठेवा.

पायरी ६: पहिला आठवडा

पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या आणि त्याच काउंटरवर एम-पेसा सुरू करा. २००७ पासून चालत आलेली ही मोबाइल पैशांची सोय आपल्या यूपीआयच्या किती तरी आधीची आहे. विजेचं टोकन, भाजीवाली, भाडं, टॅक्सी सगळं तिच्यावर चालतं. फरक इतकाच की बऱ्याच व्यवहारांना थोडं शुल्क कापलं जातं. महिन्याला ते काही शेकड्यांत जातं. कर खात्याचा पिन, म्हणजे आपल्या पॅनसारखा क्रमांक, आणि परदेशी नागरिकाचं ओळखपत्र यांची कामं कंपनीच्या मागे लागून लवकर उरका, बँक आणि गाडी त्यांच्यावर अडतात.

विजेची पिन इंग्रजी पद्धतीची, तीन चौकोनी टोकांची. भारतातून आणलेला मिक्सर दाब आणि फ्रीक्वेन्सीच्या दृष्टीनं चालतो, फक्त प्लग बदलावा लागतो. दर वस्तूला अडॅप्टर लावत बसण्यापेक्षा फुंडीकडून प्लगच बदलून घ्या. फ्रिज-टीव्हीला मात्र व्होल्टेज गार्ड लावाच. वीज परत येताना जो झटका येतो, त्यात फ्रिज जातो.

गॅस सिलिंडर ६ किंवा १३ किलोचा, दुकानातून. पहिल्यांदा रिकामी टाकीही विकत घ्यावी लागते, नंतर बदलून मिळते. काही नव्या इमारतींत पाइपचा गॅस मीटरवर असतो. तो दर आधी विचारा.

पायरी ७: स्वयंपाकघर आणि किराणा

इथे हात सैल सोडायला हरकत नाही. अव्होकॅडो, केळी, आंबे, पालेभाज्या, चहा उत्तम आणि परवडणारे. तूर आणि मूग केनियात पिकतात, आणि इथली तूर भारतातही जाते. चपाती हे केनियन माणसाचंही खाणं आहे, त्यामुळे कणकेची चिंता नको. नाचणीचं पीठ सुपरमार्केटमध्ये 'विंबी' म्हणून मिळतं आणि ज्वारीचं 'म्टामा' म्हणून. ते बहुधा पेजेसाठी दळलेलं असतं, उकड काढून मळलं तर भाकरी जमते. दूध पुण्यापेक्षा महाग पडतं. भारतीय ब्रँडचे मसाले-लोणची डायमंड प्लाझात मिळतात, पण आयातीचा भाव देऊन.

भारतातून आणायचं ते गोडा मसाला, कोकम, भाजणी, मेतकूट आणि एक चांगला कुकर. या उंचीवर पाणी ९४-९५ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. शिट्ट्याही एखाद-दोन जास्त लागतात. मात्र सामान पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून आणू नका. ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड भारी आहे. डबे, कापडी पिशव्या.

पायरी ८: घरात मदत

आठवड्यातून दोनदा येऊन कपडे-फरशी करणारी 'मामा फुआ' दिवसाच्या मजुरीवर मिळते. पूर्णवेळ बाई ठेवली तर नियम माहीत हवेत. नोव्हेंबर २०२४ पासून नैरोबीत घरकामगाराचं किमान मासिक वेतन १६,१०० शिलिंगांच्या थोडं वर आहे, शिवाय निवृत्तिनिधी, आरोग्य विमा आणि घर योजना यांच्या कपाती-वर्गण्या मालकानं भरायच्या. 'सगळेच दहा देतात' असं शेजारी सांगतील. सगळे देत असले तरी ते बेकायदा आहे, आणि दोन लाख घेणाऱ्या माणसाला शोभतही नाही.

पायरी ९: शाळा आणि दवाखाना

शाळेचा खर्च घरभाड्याला मागे टाकू शकतो. आपली मुलं ज्या खासगी शाळांत जातात, त्यांतल्या बहुतेक ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या आहेत. वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, वर्षात तीन टर्म, आणि फी टर्मला लाख-दीड लाखापासून सुरू होऊन महागड्या शाळांत कित्येक लाखांवर जाते. दोन-तीन वर्षांनी भारतात परतायचं असेल तर मुलाला पुन्हा सीबीएसई किंवा एसएससीत बसवायचं आहे, हे लक्षात ठेवा. मराठी-हिंदीचा सराव घरी सुरू ठेवा. सहावी-सातवीनंतर ही उडी अवघड होते, तेव्हा दहावीच्या तोंडावर बदली स्वीकारायची की नाही, हा प्रश्न पगाराच्या आधी सोडवा.

सरकारी आरोग्य कपातीवर खासगी रुग्णालय भागत नाही. कंपनीच्या विम्यात दाखल होण्याची आणि बाह्यरुग्ण विभागाची मर्यादा वेगवेगळी असते. बाह्यरुग्ण मर्यादा सहा महिन्यांत संपते, विशेषतः लहान मुलं असतील तर. नैरोबीत उंचीमुळे मलेरियाचा धोका कमी आहे, पण मोम्बासा किंवा किसुमूला जाताना गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. पावसाळ्यात लाल-काळा बारीक भुंगेरा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. त्याच्या रसानं कातडीला भाजल्यासारखे फोड येतात.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवा. ते नसेल तर केनियाहून मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं, आणि दिवाळीची सुट्टी तिथेच संपते.

पायरी १०: घर सोडताना

नोटीस लेखी द्या, व्हॉट्सअॅपवर नव्हे, ईमेलवर. शेवटच्या महिन्याचं भाडं अनामतीतून कापून घ्या, असं मालकाला सुचवून बघा. बहुतेक जण नकार देतात, पण जो मान्य करतो त्याच्याबाबतीत वसुलीचा प्रश्नच उरत नाही. रंगाचं काम स्वतः द्या, तीन फुंडींकडून भाव घ्या, पैसे एम-पेसानं द्या म्हणजे पावती आपोआप राहते. वीज, पाणी आणि सर्व्हिस चार्जची थकबाकी नसल्याचं केअरटेकरकडून लिहून घ्या. किल्ली देताना पहिल्या दिवशीचा व्हिडिओ मोबाइलवर उघडा ठेवा आणि मालकाबरोबर खोली-खोली फिरून बघा. विमानाचं तिकीट किल्ली दिल्यानंतर आठ-दहा दिवसांनीचं काढा आणि तेवढे दिवस कुणाकडे तरी राहा. माणूस शहरात असेपर्यंत अनामत परत मिळण्याची शक्यता बरी असते; एकदा विमान उडालं की फोन उचलले जात नाहीत. खातं आणि एम-पेसाचं सिमही पैसे जमा होईपर्यंत बंद करू नका.